कवितेतले अनोळखी विशेषण आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ : एका कोशाचे परीक्षण

मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजी साहित्य मुळातून वाचू पाहणाऱ्या वाचकाच्या घरात बहुधा एक जाडजूड कोश असतो, आणि तो म्हणजे ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’. स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, अनुवादक, शिक्षक आणि इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणारे विद्यार्थी असे सगळेच तो वापरतात. रोजच्या इंग्रजी लेखनासाठी त्याची उपयुक्तता इतकी सर्वमान्य आहे की तिच्याविषयी पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. प्रस्तुत परीक्षण एका निराळ्या आणि काहीशा अवघड कसोटीपुरते मर्यादित आहे. कविता किंवा ललित गद्य वाचताना एखादे ओळखीचे विशेषण भलत्याच नामाशेजारी येऊन बसते आणि वाचक अडखळतो, तेव्हा हा कोश कितपत उपयोगी पडतो आणि तो जिथे थांबतो तिथून पुढे कोणत्या साधनाकडे वळावे, एवढेच येथे तपासले आहे.

अडचण अपरिचित शब्दाची असती तर ती पान उघडताच संपली असती. ‘इन्कार्नडाइन’सारखा शब्द कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून तो प्रत्येक जण शोधतो आणि प्रत्येकाला तो सापडतो. खरी गाठ पडते ती साध्या शब्दांशी. थॉमस ग्रेच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या विलापिकेत नांगऱ्या घरी परततो ती वाट ‘वेअरी’ आहे. अँड्र्यू मार्व्हलच्या बागेवरच्या कवितेत विचार ‘ग्रीन’ आहे. मिल्टनच्या ‘लिसिडस’मध्ये तोंडे ‘ब्लाइंड’ आहेत, आणि टी. एस. एलियटच्या १९२२ सालच्या दीर्घ कवितेच्या आरंभी बर्फ ‘फर्गेटफुल’ आहे. यांतील एकही विशेषण आठवीतल्या मुलाला अडणारे नाही. तरीही वाट कशी दमते, बर्फ काय विसरतो आणि हिरवा विचार म्हणजे नेमका कसला, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचूनही उलगडत नाही.

कोशाकडून काय मागावे हे ठरवण्यापूर्वी तो कशासाठी तयार झाला हे पाहिले पाहिजे. ए. एस. हॉर्नबी हे १९२४ साली जपानला गेले ते इंग्रजी साहित्य शिकवण्यासाठी. तेथे गेल्यावर आपल्या विद्यार्थ्यांची निकड साहित्यापेक्षा भाषेची आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि गेटन्बी व वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी एक कोश रचला. तो १९४२ साली टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने काढला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने पुन्हा छापला. आजच्या ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’चा हा पूर्वज. त्या मूळ कोशाचे वैशिष्ट्य म्हणजे क्रियापदांचे साचे. कोणत्या क्रियापदापुढे काय येते, कोणते नाम मोजता येते, कोणते येत नाही, अशा गोष्टी परक्या माणसाला बिनचूक लिहिता याव्यात म्हणून त्यात नोंदवल्या होत्या. कोशाचा हा स्वभाव २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपर्यंत टिकून आहे. प्रचलित भाषेतील सर्वसाधारण वापर दाखवणे हे त्याचे व्रत आहे, आणि कवी तर सर्वसाधारण वापर मोडण्यासाठीच बसलेला असतो. साहित्य शिकवायला गेलेल्या माणसाच्या हातून साहित्य वाचणाऱ्याला सर्वांत कमी उपयोगी पडणारा कोश घडला, असे कोणी म्हणेल. ते मात्र अर्धेच खरे आहे.

कोशाचे बळ पाहायचे असेल तर ‘ब्लाइंड’ या विशेषणाची नोंद उघडावी. आंधळा हा मूळ अर्थ दिल्यावर नोंद पुढे सरकते ती नामांच्या आधाराने. श्रद्धा, आज्ञापालन किंवा घबराट अशा भावनांपुढे हे विशेषण आले की विचार न करता उसळलेली किंवा स्वीकारलेली गोष्ट असा अर्थ होतो. योगायोग किंवा निसर्गशक्ती यांच्यापुढे आले की बुद्धीच्या ताब्यात नसलेली गोष्ट असा होतो. रस्त्याच्या वळणापुढे आले की पलीकडचे दिसत नाही असे वळण, असा होतो. शिवाय या अर्थांपैकी काहींत विशेषण बहुधा नामाच्या आधीच येते, ही खूण चौकटी कंसात दिलेली असते, आणि ती फार मोलाची आहे. यातले शेवटचे उदाहरण मला विशेष आवडते, कारण त्या वळणाला दृष्टी असण्याचा प्रश्नच नाही. दिसत नाही ते चालकाला, आणि विशेषण मात्र वळणाला चिकटले आहे. पाश्चात्त्य साहित्यशास्त्रात ज्याला ट्रान्स्फर्ड एपिथेट म्हणतात आणि आपण विशेषण-विपर्यय म्हणतो, तो अलंकार येथे वाहतुकीच्या भाषेत इतका मुरला आहे की कोणाला तो जाणवतही नाही. मराठीतही आंधळा विश्वास, उदास संध्याकाळ, निवांत दुपार हे प्रयोग आपण अलंकार म्हणून मोजत नाही. उदास असतो तो माणूस, पण संध्याकाळ उदास म्हटली तर कोणी हरकत घेत नाही.

एवढी समृद्ध नोंद वाचूनसुद्धा मिल्टनची ‘ब्लाइंड माउथ्स’ उलगडत नाहीत. भ्रष्ट धर्मगुरूंना उद्देशून ते शब्द येतात, आणि तोंड हे नाम कोशातल्या कोणत्याच उपअर्थाच्या सोबतीत बसत नाही. मिल्टन स्वतः आंधळा झाला होता या माहितीवरून काही वाचक भलताच तर्क लढवतात, परंतु त्याची दृष्टी पूर्ण गेली ती १६५२ च्या सुमारास आणि ही कविता १६३७ ची आहे. उलगडा केला तो इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात. बिशप या शब्दाचे ग्रीक मूळ ‘देखरेख करणारा’ असे आहे आणि पास्टर म्हणजे चारा देणारा, कळपाला खाऊ घालणारा. ज्याने पाहायचे तो आंधळा, आणि ज्याने भरवायचे तो स्वतःच निव्वळ तोंड. दोन शब्दांत दोन्ही कर्तव्यांचा भंग मिल्टनने बसवला आहे. लक्षात घेण्याजोगे हे की येथे किल्ली विशेषणात नव्हतीच. ती न उच्चारलेल्या दोन नामांच्या व्युत्पत्तीत होती. ‘ब्लाइंड’ची नोंद कितीही लांब केली असती तरी ती हाती आली नसती. असे असले तरी कोशाने एक काम चोख केले होते. तोंड हे नाम या विशेषणाचे नेहमीचे सोबती नाही, म्हणजे येथे कवीने मुद्दाम काही केले आहे, एवढे त्याने निश्चित सांगितले.

या कामाला आपल्या साहित्यशास्त्रात जुने नाव आहे. ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता मम्मट याने लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेण्यासाठी, तीन अटी सांगितल्या. वाच्य म्हणजे सरळ, मुख्य अर्थ अडला पाहिजे, लक्ष्य म्हणजे त्याजागी घेतलेल्या अर्थाचा त्याच्याशी काही संबंध असला पाहिजे, आणि त्या वळणामागे एकतर रूढी असली पाहिजे किंवा प्रयोजन. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे त्याचे वर्गात शिकवले जाणारे उदाहरण आहे. वाडा प्रवाहावर असू शकत नाही म्हणून तीर असा अर्थ घ्यायचा, आणि तीर न म्हणता गंगा म्हणण्याचे प्रयोजन म्हणजे तिची शीतलता व पावित्र्य सुचवणे. याउलट ‘कुशल’ या शब्दातला कुश गवताचा संबंध कोणाला आठवत नाही, तेथे केवळ रूढी उरली आहे. ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ हा कोश या कसोटीवर मापला की त्याची जागा स्वच्छ दिसते. मुख्य अर्थ कोठे अडतो हे तो उत्तम दाखवतो. रूढ लक्षणा तो ‘फिगरेटिव्ह’, ‘लिटररी’ अशा खुणांसह प्रामाणिकपणे नोंदवतो. प्रयोजनाच्या लक्षणेपाशी मात्र तो गप्प होतो, आणि ते त्याने तसे व्हावे हेच योग्य आहे, कारण प्रयोजन हे त्या एका कवितेचे असते.

ग्रेच्या ओळीत हा कोश अपेक्षेपेक्षा चांगला ठरतो. ‘वेअरी’च्या नोंदीत दमलेला या अर्थाखाली दमवणारा, कंटाळा आणणारा असाही अर्थ आहे आणि त्याला साहित्यिक वापराची खूण आहे. त्याच कवितेत मेंढवाड्यांतून येणारी किणकिण ‘ड्राउझी’ आहे, आणि तेथेही पेंगुळलेला या अर्थाशेजारी पेंग आणणारा असा अर्थ कोश देतो. म्हणजे इंग्रजीतली अनेक विशेषणे भोगणाऱ्याकडून भोगायला लावणाऱ्या गोष्टीकडे सरकतात, हा नियमच वाचकाला या दोन नोंदींतून सापडू शकतो. एकदा तो सापडला की पुढच्या कित्येक ओळी कोशाविना सुटतात. माझी तक्रार एवढीच की कोश हा नियम म्हणून कोठेही सांगत नाही. तो सुट्या सुट्या नोंदींत विखुरलेला राहतो आणि वाचकानेच तो जुळवायचा असतो. अभ्यासपानांत निबंध कसा लिहावा, अहवाल कसा लिहावा याला जागा आहे. विशेषण एका नामावरून दुसऱ्यावर कसे सरकते याला दोन पाने द्यायला हरकत नव्हती.

एलियटच्या बर्फापाशी हा नियम वाचकाला उपयोगी पडतो, पण कोश तो वापरत नाही. ‘फर्गेटफुल’ची नोंद दोनच अर्थ देते. एक विसराळू, आणि दुसरा औपचारिक वापरातला, ज्याचे भान ठेवायला हवे त्याचा विसर पडलेला. विसर पाडणारा हा अर्थ तेथे नाही. हे विशेषण एलियटने नव्याने वाकवले असेही नाही, कारण मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात नरकातल्या सरोवराला हेच विशेषण लावलेले आहे. पिणाऱ्याला सगळे विसरायला लावणाऱ्या लीथी या ग्रीक पुराणातल्या नदीची छाया त्यावर आहे. ही परंपरा कळली की एलियटचा बर्फ केवळ पांढरे पांघरूण राहत नाही. जमिनीखालच्या मुळांना आणि माणसांनाही वेदनेचा विसर पाडणारा, म्हणून उबदार वाटणारा तो बर्फ आहे, आणि आठवणी चाळवणारा एप्रिल त्याच कारणाने क्रूर ठरतो. प्रचलित भाषेचा कोश हे सांगत नाही याचा त्याला दोष देता येत नाही, पण साहित्य वाचणाऱ्याने दुसरे काहीतरी जवळ ठेवले पाहिजे हे यावरून नक्की होते.

त्या दुसऱ्या साधनांपैकी पहिले म्हणजे ‘कॉलिन्स कोबिल्ड’. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकावरील विशाल भाषासंग्रहाच्या आधारे तो तयार झाला आणि १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्याची व्याख्या पूर्ण वाक्यात असते आणि त्या वाक्यात शब्द नेहमीच्या सोबतीसह उभा असतो. ‘फर्गेटफुल’ची व्याख्या तेथे ‘जी व्यक्ती’ अशा अर्थाच्या शब्दाने सुरू होते, ‘वेअरी’ची व्याख्या ‘तुम्ही दमलेले असाल तर’ अशा घाटाने येते, आणि ‘आउटरेजस’ची ‘तुम्ही एखाद्या गोष्टीला असे म्हणता तेव्हा’ अशी. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. ऑक्सफर्डमध्ये विशेषण सुटे उभे असते आणि त्याचे सोबती उदाहरणांतून हुडकावे लागतात. कोबिल्डमध्ये विशेषण कोणाला लागते हे व्याख्येच्या कर्त्यातूनच कळते. व्याख्येतला कर्ता माणूस आहे आणि कवितेतला बर्फ आहे, एवढे पाहिले की मुख्यार्थ कोठे अडला ते बोट ठेवून दाखवता येते. केवळ या एका कामासाठी मी कोबिल्डला ऑक्सफर्डच्या वर ठेवीन. उपअर्थांची खोली, समानार्थी शब्दांतील छटा आणि व्याकरणाच्या खुणा यांत मात्र ऑक्सफर्ड सरस आहे.

उपअर्थांची हीच खोली कधी कधी वाचकाला फसवते, आणि मार्व्हलचा ‘ग्रीन थॉट’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. ‘ग्रीन’ची नोंद मोठी आहे. रंग, कच्चे फळ, गवताने व झाडांनी भरलेली जागा, अननुभवी माणूस, मळमळून पांढराफटक पडलेला चेहरा, पर्यावरणाची काळजी घेणारे धोरण, असे बरेच काही तीत आहे. शिकणाऱ्याची सवय अशी की कवितेतला शब्द यांपैकी एका खणात टाकून मोकळे व्हावे. मग विचार अपरिपक्व ठरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पर्यावरणवादी ठरतो, आणि मार्व्हल वारला १६७८ साली, ही कविता छापली गेली १६८१ साली. पर्यावरणाचे राजकारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. कवितेत काय चालले आहे ते पाहिले तर मन सगळे निर्माण जग बाजूला सारून बागेच्या हिरव्या छायेत हिरव्या विचारापर्यंत येऊन पोचते. विशेषण दोन्ही नामांना तेच आहे, आणि त्यामुळेच पाहणारा व पाहिलेले यांतली सीमा पुसट होते. येथे अर्थांची यादी चाळायची नसून एक रंग दोन ठिकाणी पसरलेला पाहायचा आहे. (मराठी वाचकाला येथे आणखी एक खड्डा आहे. ‘हिरवट’ या शब्दाने म्हाताऱ्यांविषयी जे सुचते ते इंग्रजी कवितेत घेऊन जाऊ नये.) कोशातील यादी वाचताना प्रत्येक अर्थ केव्हापासून रूढ आहे हे कळत असते तर हा घोटाळा टळला असता. शिकाऊ कोश, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश, कालक्रम देत नाहीत. प्रचलित अर्थ आधी आणि विरळ अर्थ नंतर हा त्यांचा क्रम असतो.

कालक्रमाचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडायला हवा, कारण साहित्यात विचित्र वाटणारे प्रत्येक विशेषण आलंकारिक नसते. काही केवळ जुनी असतात. हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात दैव ‘आउटरेजस’ आहे. आजचा कोश त्या शब्दाचे धक्कादायक व अस्वीकारार्ह, आणि विलक्षण व काहीसे चकित करणारे, असे दोन अर्थ देतो. दोन्ही घेऊन पाहिले तर दैव म्हणजे कोणी भडक कपडे घालणारा नट वाटू लागतो. शब्दाचे मूळ फ्रेंच असून त्यात ‘पलीकडे’ हा भाव आहे. मर्यादा ओलांडणारे, बेफाम, हिंस्र असा त्याचा जुना अर्थ शेक्सपिअरच्या काळी सरळ वाच्यार्थ होता. त्याच्याच ‘टेम्पेस्ट’मध्ये मिरांडा ज्या नव्या जगाला ‘ब्रेव्ह’ म्हणते, तेथे शूर हा अर्थ नसून देखणे, दिमाखदार असा आहे. या प्रयोगाची मात्र ऑक्सफर्डने स्वतंत्र नोंद ठेवली आहे आणि तो कधी उपरोधाने येतो हेही सांगितले आहे, कारण तो आजच्या भाषेत म्हणीसारखा वावरतो. जुना शब्द आणि वाकवलेला शब्द यांत फरक करता येत नाही तोवर वाचक कवीला नसलेल्या कल्पकतेचे श्रेय देत राहतो, किंवा असलेली कल्पकता जुनाटपणा म्हणून सोडून देतो.

हा फरक सर्वांत नीट सांगणारा कोश म्हणजे थोरली ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. तिचा पहिला भाग १८८४ साली निघाला, पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडले आणि १९८९ सालची दुसरी आवृत्ती वीस खंडांची झाली. प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे हे तिचे तत्त्व. ‘फर्गेटफुल’चा विसर पाडणारा हा अर्थ तेथे मिळतो, आणि एखाद्या कवीच्या आधी तो कोणी वापरला तेही कळते. तिची महाजालावरील आवृत्ती वर्गणी भरून वापरावी लागते आणि घरगुती वाचकाला ती परवडेलच असे नाही. मात्र पहिल्या आवृत्तीचे, ‘न्यू इंग्लिश डिक्शनरी’ या जुन्या नावाचे, खंड इंटरनेट अर्काइव्हवर छायाप्रतींच्या रूपात मोफत पाहता येतात. विसाव्या शतकापूर्वीच्या साहित्यासाठी ते पुरेसे आहेत. पाने शोधणे वेळखाऊ आहे आणि बारीक टाइपामुळे डोळ्यांना त्रास होतो, हे मान्य करूनही ही सूचना मी आग्रहाने करतो.

त्याहून सोपा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पर्याय म्हणजे १९१३ सालची ‘वेब्स्टर्स रिव्हाइज्ड अनअब्रिज्ड डिक्शनरी’. स्वामित्वहक्क संपल्यामुळे ती महाजालावर सर्वत्र मोफत आहे आणि फोनवर घेता येते. तिच्या व्याख्या शिकणाऱ्यासाठी लिहिलेल्या नाहीत. त्या भारदस्त, कधी कधी सुंदर इंग्रजीत आहेत, आणि त्यांच्याखाली शेक्सपिअर, मिल्टन, बायबल यांतील चिमुकली अवतरणे आहेत. ‘फर्गेटफुल’चा तिसरा अर्थ तीत ‘विसर पाडणारा’ असाच दिला असून त्यावर जुना किंवा काव्यातला अशी खूण आहे, आणि उदाहरण म्हणून वेब्स्टर नावाच्याच नाटककाराने मद्याला लावलेले हे विशेषण दिले आहे. जॉन वेब्स्टर हा सतराव्या शतकातला नाटककार आणि कोशकार नोआ वेब्स्टर यांचा काही संबंध नाही, पण नोंद वाचताना गंमत वाटते खरी. ज्याला ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’च्या व्याख्या सहज कळू लागल्या आहेत त्याने साहित्यासाठी पुढची पायरी म्हणून हीच डिक्शनरी घ्यावी. सुरुवातीला मात्र नको, कारण शब्द समजावताना ती त्याहून अवघड शब्द वापरते आणि आज कालबाह्य झालेले अर्थही आजचे म्हणून देते.

जोडविशेषणांपाशी सगळेच शिकाऊ कोश हात टेकतात. कीट्स १८१६ सालच्या सुनीतात होमरला ‘डीप-ब्राउड’ म्हणतो. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सच्या १८७७ साली लिहिलेल्या आणि थेट १९१८ साली छापल्या गेलेल्या कवितेत ससाणा ‘डॅपल-डॉन-ड्रॉन’ आहे. रूढ जोडशब्द कोशात असतात. कवीने त्या क्षणी घडवलेले कसे असणार? येथे मराठी वाचकाला इतर अनेक भाषांच्या वाचकांपेक्षा थोडी आघाडी आहे, कारण समासाचा विग्रह त्याने शाळेत केलेला असतो. ‘डीप-ब्राउड’ हा सरळ बहुव्रीही आहे, ज्याचे कपाळ खोल म्हणजे विचाराने भरलेले आहे असा तो. ‘डॅपल-डॉन-ड्रॉन’ हा तृतीया तत्पुरुष, ठिपक्याठिपक्यांच्या प्रकाशाच्या पहाटेने ओढून आणलेला, किंवा ‘ड्रॉन’चा दुसरा अर्थ घेतला तर त्या पहाटेवर रेखलेला. विग्रह केल्यावर सुटे शब्द ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’मध्ये पाहिले की तो पुन्हा कामाचा ठरतो. शेवटच्या घटकाचे दोन अर्थ एकाच नोंदीत दिसणे हा येथे फायदाच आहे, कारण हॉपकिन्सला दोन्ही हवे असावेत असे वाचकांना दीर्घकाळ वाटत आले आहे.

काही विशेषणांचा अर्थ मुळात कोशात नसतो, तो ग्रंथपरंपरेत असतो. मॅक्बेथच्या शेवटच्या अंकातला मृत्यू ‘डस्टी’ आहे. कोश धुळीने भरलेला आणि मळकट रंगाचा एवढेच सांगणार. ‘तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळशील’ हे बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातले वचन शेक्सपिअरच्या प्रेक्षकांच्या कानात होते, आणि त्या एका विशेषणाने ते जागे होत होते. मराठी वाचकाला मातीला जाणे, मातीत मिळणे हे प्रयोग ठाऊक असल्याने भाव चटकन पोचतो, परंतु संदर्भ पोचत नाही. त्यासाठी टीपांची आवृत्ती हवी. शेक्सपिअरच्या नाटकांची १८९९ पासून चालत आलेली आर्डन मालिका या कामी आदर्श आहे. तिच्या पानात वर संहिता आणि खाली टीपा असल्याने मागची पाने उलटावी लागत नाहीत.

इंग्रजी–मराठी कोशांविषयी थोडक्यात सांगायचे तर या कामासाठी ते टाळावेत. ते विशेषणाला मराठी प्रतिशब्दांची रांग देतात, बहुतेक संस्कृत वळणाची, आणि कोणता शब्द कोणत्या नामासोबत हे क्वचितच सांगतात. ‘विस्मरणशील’ हा शब्द वाचून बर्फाविषयी काहीही कळत नाही. ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर शब्दावर बोट ठेवताच उघडणारी चौकटही याच कारणाने अपुरी पडते, कारण छोट्या पडद्यावर नोंदीचा आरंभच दिसतो आणि साहित्यातला अर्थ बहुधा नोंदीच्या शेपटीला असतो. तेथे पूर्ण नोंद उघडण्याची सोय असते, ती वापरावी.

विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसच्या गद्याला यांतले काहीच लागत नाही. चमच्यावरचा साखरेचा खडा ‘विचारमग्न’ आहे किंवा काट्यावरचा घास ‘उदासवाणा’ आहे असे त्याचा निवेदक सांगतो, तेव्हा विशेषण खाणाऱ्याचे आहे हे उघड असते आणि विनोद त्या सरकण्यातच असतो. रॉबर्ट हॉल या भाषावैज्ञानिकाने १९७३ साली या एकाच लकबीवर एका प्रतिष्ठित भाषाविज्ञान नियतकालिकात टिपण लिहिले. ज्याला कवितेतली विशेषणे छळतात त्याने आधी वुडहाउस वाचावा असे मी सुचवीन. तेथे मुख्यार्थ इतका ढळढळीत अडतो की नजर तयार होते.

आता खरेदीविषयी. ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ची छापील प्रत घ्यायची असेल तर नवीनच आवृत्ती हवी असा हट्ट धरू नये. दहाव्या आवृत्तीतली भर मुख्यतः नव्या शब्दांची आणि बोलण्या-लिहिण्याच्या सरावाची आहे. साहित्य वाचणाऱ्याला लागणाऱ्या ‘ब्लाइंड’, ‘वेअरी’, ‘ड्राउझी’ अशा नोंदींत फार फरक पडलेला नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मागील आवृत्तीची सुस्थितीतली प्रत मिळाली तर ती निःशंक घ्यावी, फक्त जुन्या प्रतीसोबतची चकती किंवा महाजालाचा संकेतांक चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. कागद पातळ आहे आणि टाइप लहान, परंतु छापील पानावर अख्खी नोंद एका नजरेत येते, आणि या कामासाठी ती तशी येणे फार महत्त्वाचे आहे. ज्याला पैसे खर्चायचे नाहीत त्याला याच कोशाच्या संकेतस्थळावर नोंदी मोफत वाचता येतात, कोबिल्डच्या व्याख्या कॉलिन्सच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि १९१३ चा वेब्स्टर आहेच. आणि ज्याचे वाचन सतराव्या शतकातल्या कवितेपुरतेच आहे, त्याने हा कोश विकत न घेता तेच पैसे टीपांच्या एका चांगल्या आवृत्तीवर घालावेत.